घाटात हलकी, समुद्रात जड

"सांग बघू सगू, घाट उतरताना ज्याचं ओझं नको आणि समुद्रात शिरलं की ज्याच्यावाचून भागत नाही, असं वजन कुठलं?"

तात्यांनी हे कोडं घातलं तेव्हा सगुणा मेटकरी पालथ्या घातलेल्या बोटीच्या पाठीवर बसून खरकागद घासत होती. नाकात पांढरी धूळ, केसांत पांढरी धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या. तिने हात न थांबवता उत्तर दिलं.

"माणसं. घाटात खाली उतरवायची आणि चालवत न्यायची. खाली पोचल्यावर पुन्हा बोटीत भरायची."

तात्या इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला. "उत्तर साफ चूक. पण डोकं चालतंय गं पोरी, चालू दे!"

तात्या म्हणजे सगूचे आजोबा, बाळकृष्ण मेटकरी. उभं आयुष्य त्यांनी एका मोठ्या गोदीत (जहाजं बांधण्याच्या कारखान्यात) जहाजांचे आराखडे काढण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावर अशी माणसं समुद्राकाठी टुमदार घर बांधतात आणि लाटा मोजत बसतात. आमचे तात्या मात्र थेट झरेवाडीला परत आले. आता ही झरेवाडी आहे माणदेशात, म्हणजे समुद्र आणि ती यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलेला. नाव झरेवाडी, पण झरा म्हणाल तर तो गावातल्या कुणाच्या पणजोबांनीही पाहिलेला नाही. पाऊस येतो तोही घाईतल्या पाहुण्यासारखा, चहासुद्धा न घेता निघून जातो. अशा गावात येऊन तात्यांनी चावडीवर जाहीर केलं, "आपल्याला शिडाची बोट बांधायची आहे." गावाने कपाळाला हात लावला.

पण कारण ऐकल्यावर तोच हात खाली आला आणि कामाला लागला. ही गोष्ट आहे पुढच्या काळातली, बरं का. त्या काळात दर वर्षी दिवाळीनंतर शाळांच्या बोटींची 'किनारा सफर' निघायची. मुलांनी स्वतः शिडं ओढायची, बोटीतच रांधायचं, बोटीतच झोपायचं आणि बंदरामागून बंदर घेत पार दक्षिणेपर्यंत जायचं. जायच्या त्या फक्त समुद्रकाठच्या शाळा. घाटावरच्या शाळेला कुणी मनाई केली नव्हती, पण घाटावरच्या शाळेकडे बोट असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

झरेवाडीच्या शाळेने बोट बांधली. जुन्या लोकरीच्या गोदामात बांधली. घोंगड्या विणायच्या मागावर बायकांनी अंबाडीच्या धाग्याचं कापड विणलं. त्याचे थरावर थर लावून मध्ये राळ ओतली (राळ म्हणजे वाळल्यावर दगडासारखा घट्ट होणारा चिकट रस). एवढ्या थरांचा तो तळ, पण वजनाला असा हलका की चार पोरांनी मिळून एक टोक सहज उचलावं. आत चौघांना पाय लांब करून झोपता येईल अशी छोटी खोली, एक चूल, भांड्यांची फळी. डोलकाठी (शीड ज्यावर चढतं तो खांब) बुडाशी बिजागरी लावून आडवी करता येत होती, म्हणजे रस्त्यावरच्या विजेच्या तारांना ती अडायला नको. नाव ठेवलं 'खिल्लार'. माणदेशचा खिल्लार बैल तुम्ही पाहिलाच असेल, पांढराशुभ्र, सडपातळ आणि ताठ मानेचा. बोट रंगून उभी राहिली तेव्हा गावातले म्हातारेसुद्धा तिच्या पाठीवरून हात फिरवून गेले.

बरं, ते कोडं राहिलंच की! सगूने हार मानली नाही, पण उत्तरही येईना. तेव्हा तात्यांनी तिला समजावून सांगितलं.

"वारा शिडाला ढकलतो म्हणून बोट पुढे जाते. पण तोच वारा तिला एका कुशीवर कलंडवतोही. कलंडलेली बोट आपली आपण उभी राहायला हवी. त्यासाठी मोठ्या बोटींच्या तळाशी शिसं नाहीतर लोखंड भरतात. त्याला म्हणतात निरम (बोट उभी राहावी म्हणून तळाशी ठेवलेलं वजन)."

"मग आपणही शिसं भरू की!"

"भर. आणि मग ती बोट गाड्यावर चढवून जीपच्या मागे जोड. आपली जीप कसली शहाणी आहे माहीत आहे ना तुला?"

सगूला चांगलंच माहीत होतं. शाळेची ती विजेची जीप आपली आपण चालायची. मागे जोडलेला भार जास्त झाला की ती एक इंचही हलत नसे, वर "क्षमा करा, घाटात मला आपल्या सर्वांची काळजी वाटते," असं गोड आवाजात ऐकवायची.

"म्हणजे वजन हवं पण गाड्यावर नको," सगू पुटपुटली. "म्हणजे ते खाली गेल्यावरच भरायचं. समुद्रावर. पण समुद्रावर काय मिळतं? तिथे तर सगळीकडे नुसतं..." आणि ती बोटीवरून धपकन खाली उतरली. "पाणी! तात्या, पाणी!"

"शाब्बास! टाकी तळाशी. रस्त्यावर ती रिकामी. बोट समुद्रात उतरली की झडप उघडायची, पाणी आपोआप आत येतं. परत निघालो की बोट गाड्यावर घेऊन बंदराच्या उतारावर झडप उघडायची, पाणी आपोआप बाहेर. वजन समुद्राचं, समुद्राला परत."

सगू दिवसभर खूश होती. संध्याकाळी मात्र ती तोंड पाडून आली.

"तात्या, तुमचं काहीतरी चुकतंय. विहिरीतून बादली ओढताना, बादली पाण्यात आहे तोवर तिचं वजनच लागत नाही. पाण्यात पाणी हलकं. मग समुद्रात बुडालेल्या टाकीतलं पाणी बोटीला उभं कसं करणार?"

तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू नातीने मुठीत सोन्याचं नाणं लपवलं होतं आणि आत्ता दाखवलं. "हा प्रश्न तुला आपला आपण पडला? मग अर्धी बोट तू बांधलीस. चल हौदावर."

मेंढ्यांच्या हौदात त्यांनी एक फळी तरंगत सोडली. फळीच्या दोन्ही टोकांना खालून पाण्याने भरलेली एकेक पिशवी घट्ट बांधली. फळी निवांत तरंगत राहिली.

"आता एक टोक दाब."

सगूने दाबलं. ते टोक खाली गेलं, दुसरं वर आलं आणि त्याच्याबरोबर दुसरी पिशवी पाण्याबाहेर निघाली.

"कुठली पिशवी तुझ्या हाताशी भांडतेय?"

"वरची! ती खाली ओढतेय. खालच्या पिशवीचं काहीच लागत नाही."

"हेच ते. पाणी पाण्यात आहे तोवर गप्प असतं, पाण्याच्या वर आलं की वजन दाखवतं. आपली टाकी बोटीच्या तळाशी या कुशीपासून त्या कुशीपर्यंत पसरलेली आहे. बोट डावीकडे कलली की उजवीकडचा भाग वर उचलला जातो. तिथलं पाणी समुद्राच्या पातळीच्या वर येतं, जड होतं आणि बोटीला खाली, म्हणजे मूळ जागी ओढतं. जितकी जास्त कलेल तितकं जास्त ओढतं."

सगूने हात सोडला. वरची पिशवी डुबकन खाली आली आणि फळी पुन्हा सपाट झाली. सगूने ते दहादा करून पाहिलं, मेंढ्या पाणी प्यायला खोळंबल्या तरी थांबली नाही.

खऱ्या टाकीची चाचणी मात्र गावात झाली नाही. एवढं पाणी टाकीत ओतायचं आणि मग सोडून द्यायचं? झरेवाडीत असं नुसतं बोललं असतं तरी बायका लाटणी घेऊन आल्या असत्या.

*

सफरीच्या आदल्या दिवशी सकाळी 'खिल्लार' कोळणे बंदरात पोचली. घाट तिने असा उतरला की शहाण्या जीपने एकदाही क्षमा मागितली नाही. उतारावरून गाडा पाण्यात ढकलला, बोट तरंगली, डोलकाठी उभी झाली आणि गोदामातून निघालेली ती पांढरी बोट आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर डुलली.  सगूच्या चुलतभावाने, बिरूने, उघड उघड डोळे पुसले.

धक्क्यावर बंदराच्या शाळेची मुलं बसली होती. त्यांची म्होरकी होती मयुरी जुवाटकर, तीन सफरी केलेली.

"काय गं, मेंढ्या पण आणल्यात का बोटीतून?" तिने विचारलं आणि सगळी खिदळली.

"मेंढ्या पुढच्या साली," सगू म्हणाली. "यंदा जागा नव्हती."

पण बोलून चालणार नव्हतं. बोट आधी पास व्हायला हवी होती. कोळणे बंदरात बोटी तपासायचा एक यंत्रमानव. त्याचं नाव तांडेल (कोकणात बोटीच्या कप्तानाला तांडेल म्हणतात). सहा पायांवर तो खेकड्यासारखा तिरपा चालायचा आणि भाषा मात्र अशी शुद्ध की जणू सकाळीच व्याकरण पिऊन आलाय.

"नमस्कार. मी आपली बोट दोराने आडवी करीन आणि दोर सोडीन. बोट स्वतःहून उभी राहिली, तर उद्याच्या भरतीला आपण सफरीत सामील. न राहिल्यास मला अतीव दुःख होईल, पण बोट घरी जाईल. कृपया निरमाची टाकी भरून घ्या."

टाकी भरायचं काम सगूचं. तिने पुढच्या दांड्याने मागची झडप उघडली. बोटीच्या पोटात पाणी खळखळत शिरू लागलं. दांड्याशेजारीच, बिछान्याखाली, हवेची नळी होती, टाकीतली हवा बाहेर जाण्यासाठी. सगूने तीत पट्टी घालून पाहिलं. पाणी चढत चढत आलं आणि टाकीच्या छतापासून चार बोटं खाली पोचलं. सगूचा हात दांड्यावर गेला, झडप बंद झाली. झरेवाडीत कुठलंही भांडं चार बोटं सोडूनच भरतात. काठोकाठ भरलं तर वाटेत हिंदकळून सांडतं आणि सांडलेलं पाणी कुणी परत आणून देत नाही. घागर असो, पिंप असो, सगूचा हात तीन वर्षांची असल्यापासून तिथेच थांबायला शिकला होता. आताही त्याने सगूला काही विचारलं नाही.

"भरली!" ती ओरडली. सगळे धक्क्यावर आले.

तांडेलने डोलकाठीच्या शेंड्याला दोर बांधला आणि हळूहळू ओढू लागला. 'खिल्लार' कलली, आणखी कलली, तिचा शेंडा पाण्याशी लगट करू लागला. मग तांडेलने दोर सैल सोडला.

सगूने श्वास रोखला. आता उठेल. आत्ता उठेल.

'खिल्लार' उठली नाही. थोडीशी वर आली, थबकली आणि दमलेल्या जनावरासारखी कुशीवरच पडून राहिली. तांडेलने लगेच दोर आवळून तिला सावरलं.

"अतीव दुःख," तो म्हणाला. "भरती उतरेपर्यंत एक संधी बाकी आहे. त्यानंतर बोट उतारावर घेता येणार नाही."

धक्क्यावर कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी म्हणालं, "दुष्काळी बोट, पाण्याला घाबरली!" आणि हशा पिकला. सगूला ते नीट ऐकूच आलं नाही. ती तात्यांकडे पाहत होती. तात्या पायरीवर बसले होते आणि आपल्या दोन्ही तळहातांकडे टक लावून बघत होते. एवढी मोठमोठी जहाजं काढणारा हा माणूस, पण त्या क्षणी तो फार म्हातारा दिसला. 

"माझंच गणित चुकलं असणार," ते हळूच म्हणाले. "तळ थोडा अरुंद झाला असेल. अख्ख्या गावाला मी कामाला लावलं, सगू. चल, बोट वर काढू."

"थांबा तात्या. हौदावर फळी उठली होती ना? मग बोट का नाही उठली?"

"फळी ती फळी."

"न्हाई! वरच्या बाजूचं पाणी ओढायला हवं होतं. ते का नाही ओढलं?"

 बिरू दोरीने बोट धक्क्याकडे ओढत होता आणि 'खिल्लार' चमत्कारिक वागत होती. एकदा या कुशीवर रेलायची, मग एकदम त्या कुशीवर. मध्ये म्हणून ती थांबतच नव्हती. आणि दर वेळी तिच्या पोटातून आवाज यायचा, घळघळ... डुबुक.

तो आवाज सगूने हजार वेळा ऐकला होता. डोक्यावर अर्धी घागर घेऊन घाईघाईने चाललं की आतून असाच आवाज येतो आणि घागर मान एकदा इकडे, एकदा तिकडे ओढते. म्हणून तर आई घागरीत कडुलिंबाचा डहाळा टाकते, पाणी गप्प बसावं म्हणून.

सगूने दप्तरातून पाण्याची बाटली काढली. अर्धीच होती. तिने ती आडवी केली आणि एक टोक जरासं खाली झुकवलं. सगळं पाणी धावत खालच्या टोकाला गेलं, वरचं टोक रिकामं.

"वर पाणी नव्हतंच," ती पुटपुटली. मग तिचे कान गरम झाले, कारण ते पाणी वर का नव्हतं हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

गप्प राहता आलं असतं. चुपचाप जाऊन झडप उघडली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण तात्या अजून तळहातांकडे बघत होते आणि मनातल्या मनात स्वतःलाच नापास करत होते.

"तात्या, तुमचं गणित बरोबर आहे," सगू सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी चुकले. मी टाकी चार बोटं सोडून भरली."

तात्यांनी मान वर केली. मयुरीचे डोळे विस्फारले. "समुद्रात बसून पाणी वाचवलंस?" ती म्हणाली आणि मग जो हशा झाला तो काही विचारू नका. बंदरावरचे कावळेसुद्धा उडाले.

सगू लालबुंद झाली. पण ती मेटकऱ्यांची नात. "हसा," ती म्हणाली. "आमच्या गावात पाणी सांडलं तर घरात कुणीतरी तहानलेलं राहतं. हाताला ते वळण आहे आणि त्याची मला लाज नाही. इथे ते वळण चुकलं, ते मी आत्ता दुरुस्त करते."

हशा थांबला. तात्या ताडकन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला होता आणि त्यातच स्वतःवरचा रागही होता. "अरे देवा! टाकी वीतभर उंच, त्यात चार बोटं म्हणजे तिसरा हिस्सा रिकामा! आणि मी या गावचा असून मला हे सुचू नये!"

तांडेल तिरपा तिरपा जवळ आला. "कुमारी मेटकरी यांचं निदान अचूक आहे. याला मोकळ्या पृष्ठभागाचा परिणाम म्हणतात (टाकीत वर मोकळी जागा राहिली की पाणी कलत्या बाजूकडे धावतं, त्यामुळे होणारा घोटाळा). बोट डावीकडे कलली की टाकीतलं पाणीही डावीकडे धावतं. ज्या उजव्या बाजूने बोटीला परत ओढायचं, तिथे उरते हवा. हवा काय ओढणार? ज्या पाण्याने वाचवायचं, तेच पाणी वैऱ्याला जाऊन मिळतं. मोठमोठ्या जहाजांच्या टाक्याही म्हणूनच पूर्ण भरतात, नाहीतर पूर्ण रिकाम्या ठेवतात. मधलं काही चालत नाही."

"आणि काठोकाठ भरली तर?" मयुरीने विचारलं. आता तिलाही गंमत वाटू लागली होती.

सगूने बाटली समुद्रात बुडवून गच्च भरली, टोपण लावलं आणि तिच्या हातात दिली. "हलव."

मयुरीने बाटली कलवली, हिसडली, गदागदा हलवली. आतलं पाणी जागचं हललं नाही. "दगडच झाला की गं याचा!"

"मग दगडच हवा आपल्याला," सगू म्हणाली आणि तिने बोटीत उडी घेतली.

तिच्यामागून बिरू आणि गावची बाकीची पोरं उतरली. झडप पुन्हा उघडली. "सगळे मागे बसा!" तात्यांनी फर्मान सोडलं. बोटीचं नाक वर आलं, तशी टाकीतली उरलेली हवा पुढे सरकली आणि नळीतून बुडबुड करत निघाली. पाणी चार बोटांच्या खुणेवर आलं. सगूचा हात आपोआप झडपेकडे निघाला. तिने तो पकडून पाठीमागे धरला, अक्षरशः दुसऱ्या हाताने मनगट धरलं. पाणी छताला टेकलं. नळीत चढलं. "आता बिरू, पुढे ये," ती म्हणाली. बिरू पुढे आला, नाक खाली झुकलं आणि नळीतून पाणी उसळून सगूच्या पावलांवर सांडलं. भर बोटीत सांडलं! तिच्या अंगावर शहारा आला. पण बुडबुडा एकही नव्हता. तिने नळीला बूच मारलं, मग झडप लावली आणि सगळे पुन्हा धक्क्यावर चढले.

'खिल्लार' आता पाण्यात जरा खोल, जरा ऐटीत बसली होती. तांडेलने दोर ओढला. या वेळी त्याच्या सहाही पायांना जोर लावावा लागला, धक्क्यावर त्याचे पाय करकरले. शेंडा खाली आला. दोर सुटला.

आणि 'खिल्लार' उठली! उठली म्हणजे कशी, तर शिंगं वर करून बैल उठावा तशी एका झटक्यात उभी राहिली. डोलकाठीवरून पाण्याचे शिंतोडे धक्क्यावरच्या सगळ्यांच्या अंगावर उडाले. बिरू नाचायला लागला. तात्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुसतच राहिले. पुसायचे होते ते डोळे, हे सगूला कळलं. तिने त्यांच्या कमरेला गच्च मिठी मारली.

"अतीव आनंद," तांडेल म्हणाला. "आता बंदराला एक फेरी मारून दाखवा."

फेरी मारली ती झरेवाडीच्या पोरांनी. शीड चढलं, वाऱ्याने भरलं, मधली फळी (बोट बाजूला घसरू नये म्हणून तळातून खाली सोडायची पट्टी) खाली गेली आणि 'खिल्लार' निघाली. सुकाणू सगूच्या हातात. खाडीच्या तोंडाशी वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, बोट कलली. सगूने सुकाणू घट्ट धरलं. पण तळातून, कुशीतून काहीतरी भक्कमपणे बोटीला धरून होतं. बोट तेवढीच कलून राहिली आणि त्या रेट्यावर अशी पळाली की मागे पांढऱ्या फेसाची रेघ उठली. ते समुद्राचंच पाणी होतं आणि ते समुद्राशीच टक्कर देत होतं. सगू मोठ्याने हसली. अभिमान कसा असतो ते तिला त्या दिवशी छाती भरून आल्यावर कळलं.

परत आल्यावर मयुरीने स्वतः पुढे होऊन दोर पकडला. "उद्या आमच्या बोटीशेजारी नांगर टाका," ती म्हणाली. "आणि ती टाकी मला नीट दाखव. आमच्या शिशाच्या बोटीला उथळ खाड्यांत शिरताच येत नाही."

तांडेल आपल्या एका पायात रंगाचा कुंचला घेऊन बोटीच्या मागच्या अंगाला गेला. "शेवटचं काम. प्रत्येक बोटीच्या पाठीवर तिच्या बंदराचं नाव लिहावं लागतं. काय लिहू?"

तात्या म्हणाले, "लिही बाबा कोळणे. इथूनच निघतोय ना आम्ही."

"न्हाई," सगू म्हणाली. "झरेवाडी लिहा."

तांडेल थांबला. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर नकाशा उजळला. निळा समुद्र, हिरवी किनारपट्टी, सह्याद्रीची रांग आणि तिच्या पलीकडे लांबवर, तपकिरी माणदेशात, एक बारीकसा ठिपका. "कुमारी मेटकरी, झरेवाडीला समुद्र नाही. नदी नाही. तलावही नाही."

"पण ही बोट तिथली आहे. तिथे विणली, तिथे बांधली. तिचं गाव दुसरं कसं असेल?"

धक्क्यावर कुणी हसलं नाही. तांडेल आतून घरघरू लागला. बंदरांचे सगळे नियम तो आतल्या आत तपासत होता.

"मी सर्व नियम पाहिले," तो शेवटी म्हणाला. "बंदराला पाणी हवं, असं कुठेही म्हटलेलं नाही. बोट हवी, एवढंच म्हटलं आहे."

आणि त्याने सुबक, ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'खिल्लार', आणि त्याखाली, 'बंदर झरेवाडी'. त्याच वेळी नकाशावर, त्या तपकिरी माणदेशाच्या मधोमध, नांगराची एक इवलीशी निळी खूण उमटली.

तात्या त्या खुणेकडे पाहत राहिले. 

"सगू," ते म्हणाले, "गावाला फोन लाव. म्हणावं, गोदाम झाडून घ्या. आपल्या बंदरात आता दुसरी बोट बांधायची आहे."